नदीकाठचं कन्व्हेन्शन सेंटर: जागा निवडण्यापासून पहिल्या प्रदर्शनापर्यंत

शहराच्या मध्यभागी नदीला लागून मोठी जागा मोकळी झाली की थोड्याच दिवसांत तिथल्या नियोजित कन्व्हेन्शन सेंटरचं चित्र छापून येतं. चित्र बहुतेक संध्याकाळचं असतं. उंच काचेची भिंत, पाण्यात उतरलेले दिवे, काठाने फिरणारी कुटुंबं. ट्रक मात्र त्यात कुठेच दिसत नाही. मी प्रदर्शनांच्या मांडणीचं काम करतो. स्टॉल उभे करायचे, त्यांना वीज-पाणी जोडून द्यायचं आणि प्रदर्शन उठलं की रातोरात सगळं उतरवून हॉल मोकळा करून द्यायचा. त्यामुळे या इमारती मला मागच्या दारातून जास्त ठाऊक आहेत, आणि जागा ठरवणाऱ्यांना जे सांगावंसं वाटतं तेही तिथूनच दिसलेलं आहे.

प्रदर्शनाच्या हॉलला नदी लागत नाही. त्याला बाहेरचा उजेडही नको असतो; आयोजक स्वतःचे दिवे लावतात आणि खिडक्या असल्याच तर पडदे ओढून घेतात. नदी हवी असते ती लॉबीला, चहापानाच्या गच्चीला आणि सगळ्यात जास्त त्या शहरातल्या अशा माणसांना, जी कधीच कुठल्या परिषदेला येणार नाहीत. एवढं मान्य केलं की नकाशावरचे निम्मे वाद मिटतात.

आधी गिऱ्हाईक मोजा

जागेच्या आधी आकार ठरवायचा आणि आकाराच्या आधी गिऱ्हाईक. सल्लागार कंपनीचा अहवाल येतो, त्यात दरवर्षी अमुक इतके कार्यक्रम, तमुक इतक्या हॉटेलच्या खोल्या असा अंदाज असतो. अमेरिकेतले अभ्यासक हेवूड सँडर्स वर्षानुवर्षं हेच दाखवत आले आहेत की असे अंदाज बऱ्याचदा फुगलेले असतात आणि मागणी वाढायच्या आधी हॉलच वाढत जातात. म्हणून सल्लागाराला दोन गोष्टी लेखी मागा. त्याने याआधी ज्या शहरांसाठी अंदाज दिले तिथे उद्घाटनानंतर पाच वर्षांनी प्रत्यक्षात काय झालं, ही पहिली. दुसरी म्हणजे आपल्या शहरात यायला तयार असलेल्या आयोजकांची यादी, त्यांना लागणाऱ्या क्षेत्रफळासह आणि महिन्यांसह. दुसरी यादी तयार करताना सल्लागाराची जी तारांबळ उडते, तिच्यावरून बरंच काही कळतं.

हॉल वर्षभर भरलेला राहील असं कुणी सांगितलं तर त्याने मांडणीचे दिवस मोजलेले नाहीत असं समजा. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला दोन-तीन दिवस उभारणीला आणि एक-दीड दिवस उतरवायला जातो, आणि दोन आयोजकांच्या तारखा एकमेकींना नेमक्या चिकटून कधीच येत नाहीत. या व्यवसायात सुमारे 70 टक्के वापर ही व्यवहारातली कमाल मर्यादा मानतात. 50 ते 60 टक्के असेल तर हॉल चांगला चालला आहे.

मध्यम आकाराच्या शहराने अजस्र हॉलचा हट्ट धरू नये असं माझं ठाम मत आहे. अशा शहराला परिषदा मिळतात, अवजड यंत्रांची प्रदर्शनं क्वचित. परिषदेला लागतात भरपूर बैठकीच्या खोल्या, एक मोठं सभागृह, जेवणाची सोय आणि बेताचा हॉल. मेलबर्नचं केंद्र यारा नदीच्या काठी आहे. 2009 मध्ये उघडलेल्या त्याच्या मुख्य सभागृहात सुमारे 5,500 माणसं बसतात, पण तेच सभागृह सरकत्या भिंतींनी तीन भागांत तोडता येतं. एका दिवशी एक महासभा, दुसऱ्या दिवशी तीन छोट्या परिषदा. क्षेत्रफळ वाढवण्याआधी ही तोडजोड शिका.

पाणी कुठपर्यंत येतं

आता नदी. “शंभर वर्षांत एकदा येणारा पूर” हा शब्दप्रयोग समितीच्या बैठकीत आला की लोक सुस्कारा सोडतात, कारण ते शंभर वर्षं निवांत असं ऐकतात. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता 1 टक्का आहे. इमारत 30 वर्षांच्या कर्जावर उभी राहिली तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के निघते, 50 वर्षांत सुमारे 40 टक्के. चारातली एक शक्यता धरून कुणी तळमजल्यावर वीजघर बांधेल का? तरी बांधतात.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये कंबरलँड नदीजवळ गेलॉर्ड ओप्रीलँड नावाचं प्रचंड हॉटेल आणि परिषद केंद्र आहे. त्याला शंभर वर्षांच्या पुराच्या हिशोबाने बांधलेला बंधारा होता. मे 2010 मध्ये नदी त्या बंधाऱ्यावरून आत आली. पाहुण्यांना रातोरात हलवावं लागलं आणि हॉटेल पुन्हा उघडायला नोव्हेंबर उजाडला. अशा केंद्राच्या तारखा दोन-तीन वर्षं आधी दिलेल्या असतात, त्यामुळे सहा महिने बंद म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे. तेवढ्या सगळ्या आयोजकांना दुसरं शहर शोधावं लागतं, आणि एकदा गेलेला आयोजक परत येईलच असं नाही.

म्हणून मुख्य हॉलची फरशी, वीजघर, जनरेटर, अग्निशमनाचे पंप आणि संगणकांची खोली 0.2 टक्क्यांच्या, म्हणजे ज्याला पाचशे वर्षांचा पूर म्हणतात त्याच्या पातळीच्या वर ठेवा. वर आणखी थोडी मोकळीक सोडा, कारण वरच्या अंगाला शहर वाढतं, नदीत भराव पडतात आणि पुराची पातळी काळाबरोबर सरकते. खालच्या थरात भिजलं तरी चालेल असं काहीतरी ठेवा: वाहनतळ, मोकळा चौक, फिरायची वाट.

नकाशावर पाण्यालगतची जागा नेहमी सखल असेल असं मात्र धरू नका. सपाट मैदानातून वाहणारी नदी पुरात काठ ओलांडते तेव्हा जड गाळ काठाजवळच टाकते, बारीक गाळ पुढे नेते. शतकानुशतकं असं होऊन काठ उंच आणि मागचं शहर सखल अशी उलटी जमीन तयार होते. न्यू ऑर्लिअन्सचं कन्व्हेन्शन सेंटर मिसिसिपीच्या अशाच उंच काठावर आहे. 2005 च्या कॅटरिना वादळात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला तेव्हा ते कोरडं राहिलं. तिथे जे हजारो लोक आसऱ्याला आले, त्यांना मात्र कित्येक दिवस अन्नपाण्याविना काढावे लागले. त्याकडे पुढे येतोच. जागेचा उंचसखलपणा दर अर्ध्या मीटरला रेष काढून मोजून घ्या आणि मगच बोला.

पाणी पुष्कळदा काठावरून येतच नाही, गटारातून येतं. पावसाळी गटारं नदीत सोडलेली असतात; नदी चढली की त्याच नळांतून पाणी उलटं शहरात शिरतं. पूरभिंत कितीही उंच असो, प्रत्येक नळाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप आणि आतलं पावसाचं पाणी उपसायला पंप हवेत. रस्त्यांच्या पातळ्याही तपासा. इमारत कोरडी आणि चारी रस्ते गुडघाभर पाण्यात, असं झालं तर आत अडकलेल्या पाच हजार माणसांना बाहेर काढायचं कुठून?

बेसमेंटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण वाहनतळ खाली ढकलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नदीकाठी भूजल वर असतं आणि ते तळाच्या स्लॅबला खालून वर ढकलतं. तळ भूजलाच्या 5 मीटर खाली असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर 5 टनांचा वरच्या दिशेने जोर येतो. घनमीटर काँक्रीटचं वजन सुमारे अडीच टन. म्हणजे फक्त वजनाने तो जोर दाबायचा तर तळाचा स्लॅब 2 मीटर जाड हवा. ते परवडत नाही म्हणून तळाला खाली धरून ठेवणारे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) किंवा खडकात रोवलेले अँकर घालतात. धोका सगळ्यात मोठा बांधकाम चालू असताना असतो. वरचे मजले अजून चढलेले नसतात, उपशाचे पंप एका रात्री बंद पडतात आणि रिकामं बेसमेंट तरंगू लागतं. म्हणून किती मजले चढेपर्यंत पंप चालू ठेवायचे आणि वीज गेली तर दुसरी सोय काय, हे कंत्राटातच लिहून घ्या.

जमिनीत काय पुरलंय

जुन्या शहराचा काठ क्वचितच मूळचा असतो. गोदी, गिरण्या, डेपो, राडारोडा, कधी तेलाच्या टाक्या. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं प्रदर्शन केंद्र 1985 मध्ये क्लाइड नदीकाठच्या बुजवलेल्या क्वीन्स डॉक या गोदीवर उभं राहिलं, आणि भरावासाठी पाडलेल्या सेंट एनॉक स्थानकाचा राडारोडा वापरला होता. असा भराव वाईट नसतो, पण त्यात काय आहे ते माहीत हवं. जागा पक्की करण्याआधी जमीन तपासायला बोअर घ्या, आणि ते इमारतीच्या चार कोपऱ्यांतच नको, जुन्या नकाशांवर जिथे ओढा, धक्का किंवा टाकी दिसते तिथेही. मातीचे आणि पाण्याचे नमुने प्रदूषणासाठी तपासा. हा खर्च एकूण खर्चात किरकोळ असतो. नंतर सापडलेली तेलाची टाकी तशी नसते.

इमारत कोणत्या बाजूला तोंड करून बसवायची

न्यू ऑर्लिअन्सचं केंद्र 1984 च्या जागतिक मेळ्यातल्या हॉलपासून सुरू झालं आणि नदीला समांतर लांबत गेलं. आज त्यात सुमारे 11 लाख चौरस फुटांची प्रदर्शनाची जागा एकाच पातळीवर आहे. माझ्यासारख्या मांडणीवाल्याला ती पर्वणी आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोर्कलिफ्ट कुठेही न अडता जाते. पण शहराच्या बाजूने पाहिलं तर नदीपुढे जवळजवळ किलोमीटरभर आडवी इमारत आहे. हा व्यवहार करायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी जाहीरपणे ठरवा. पुढे हॉल वाढवायला जागा लागणारच. ती काठाने न वाढवता शहराच्या आतल्या बाजूला राखून ठेवा.

पिट्सबर्गने वेगळं केलं. अ‍ॅलेगनी नदीवरचं तिथलं केंद्र 2003 मध्ये पुरं झालं, वास्तुरचनाकार राफाएल विन्योली. केबलांवर झुलणारं त्याचं छत नदीच्या बाजूने उतरत येतं आणि नदीवरचा वारा आत खेळावा म्हणून तसा आकार दिलेला आहे. मला त्याहून आवडतं ते इमारतीखालून शहराकडून नदीपर्यंत काढलेली पायवाट. तिकीट नाही, पास नाही, परिषद असो वा नसो. तुमच्या आराखड्यात अशी वाट दर 100-150 मीटरला हवी, आणि ती चोवीस तास उघडी राहील असं मंजुरीच्या अटींत लिहिलेलं हवं. नुसतं चित्रात दाखवलेलं पुढे कुलपात जातं.

जागा फारच लहान असेल तर एकावर एक रचता येतं. लिफी नदीवरचं डब्लिनचं केंद्र 2010 मध्ये उघडलं, तिथे सुमारे 2,000 आसनांचं सभागृह वरच्या मजल्यांवर आहे. परिषदांना हे जमतं. पण प्रदर्शनाचा हॉल वर नेला की ट्रकही वर न्यावे लागतात, आणि मग रॅम्प आणि स्लॅब हीच खरी इमारत होऊन बसते. वर कौतुक केलेल्या पिट्सबर्गलाच फेब्रुवारी 2007 मध्ये माल उतरवायच्या वरच्या मजल्यावर ट्रक उभा असताना जमिनीचा एक तुकडा खाली कोसळला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. दोष निघाला तो प्रसरणासाठी सोडलेल्या सांध्याच्या जोडणीत. ट्रकखालचे सांधे दरवर्षी उघडून पाहता येतील असेच बांधा.

ट्रक, खांब आणि फरशीतले खड्डे

धरून चला, 10,000 चौरस मीटरचा हॉल आहे. साधारण दर हजार चौरस मीटरला एक डॉक, म्हणजे ट्रक लावून माल उतरवायचा फलाट, या ठोकताळ्याने दहा डॉक. उभारणीच्या दिवशी 150 ट्रक आले आणि प्रत्येकाला पाऊण तास लागला, तर कुठेही अडथळा न येता सव्वाअकरा तास जातात. अडथळा येतोच. एका वेळी तीस ट्रक खोळंबले आणि प्रत्येकाला 20 मीटर धरले, तर 600 मीटरची रांग होते. ती रांग कुठे उभी राहणार, हे नकाशावर दाखवा. उत्तर “नदीकाठचा रस्ता” असेल तर तो फिरायचा काठ संपलाच. शहराबाहेर महामार्गालगत ट्रकतळ घ्या, तिथून फोनवर बोलावून दहा-दहा सोडा.

डॉकसमोर लांब ट्रेलर एकदाच मागे घेऊन लागेल एवढं अंगण हवं, 35 ते 40 मीटर. पुलाखालून येणारा रस्ता असेल तर पुलाची उंची आजच मोजा. नदीकाठच्या रस्त्यांवर हे जुने पूल फार नडतात.

हॉलच्या आतलं सगळं माप 3 बाय 3 मीटरच्या स्टॉलवरून निघतं. पाठीला पाठ लावून दोन स्टॉल म्हणजे 6 मीटर, त्यांच्यापुढे 3 मीटरची गल्ली; दर 9 मीटरला हेच पुन्हा. म्हणून फरशीतले वीज-पाण्याचे खड्डे 9 मीटरवर आणि खांब 27 मीटरवर ठेवले की एकही खांब गल्लीत येत नाही. वास्तुरचनाकाराने 25 मीटर ठेवले तर इमारत असेपर्यंत दर प्रदर्शनात कुणाच्या तरी स्टॉलच्या मधोमध खांब उभा असतो. फरशीची ताकद चौरस मीटरला सुमारे 1,700 किलो धरा, छताखालची मोकळी उंची 9 ते 12 मीटर, आणि छताला वजन टांगायचे बिंदू किती किलोचे ते रंगाने लिहिलेलं असावं.

त्या खड्ड्यांकडे जरा वाकून बघा. लोखंडी आकड्याने झाकण उचललं की आत एका बाजूला विजेचे सॉकेट, दुसऱ्या बाजूला पाण्याचा नळ आणि निचऱ्याची नळी, तळाशी मुठीएवढं भोक. कोरड्या जागी त्यात धूळ आणि कारपेटचे तुकडे सापडतात. नदीकाठच्या हॉलमध्ये पावसानंतर झाकण उचललं की आधी वास येतो, मग दिवा धरला की पाणी चमकतं, सॉकेटच्या बोटभर खाली. इलेक्ट्रिशियन मान हलवतो, आणि पुढचा तास आम्ही खड्डे उपसत बसतो, बाहेर ट्रक हॉर्न देत असतात. हे टाळायला खड्ड्यांची नाली एका उताराने उपसा-टाकीकडे जायला हवी, वीज आणि पाणी वेगवेगळ्या कप्प्यांत हवं आणि सॉकेट वरच्या अंगाला बसवलेले हवेत. नकाशात ही एक बारीक रेघ असते. तिच्यासाठी भांडा.

आग, आसरा आणि पक्षी

शिकागोचं मॅकॉर्मिक प्लेस मिशिगन सरोवराच्या काठी 1960 मध्ये उघडलं आणि 16 जानेवारी 1967 च्या पहाटे जळालं. गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाची मांडणी झालेली होती. छताचं पोलाद उंचावर आहे म्हणून त्याला अग्निरोधक आवरण नव्हतं, आणि परिसरातले कित्येक हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचे नळ) ऐन वेळी बंद निघाले. प्लायवूड, कापड, रंग आणि घाईत जोडलेल्या वायरी हाच आमच्या धंद्याचा कच्चा माल आहे, त्यामुळे स्प्रिंकलर आणि छताचं आवरण यांवर काटकसर करू देऊ नका. नदीकाठी आणखी एक सोय फुकट मिळते: अग्निशमन गाडीला थेट नदीतून पाणी ओढता येईल असा पक्का धक्का. तो आराखड्यात असू द्या.

संकटात शहर या इमारतीकडे धावणार, हे कॅटरिनाने दाखवलं. 2020 च्या साथीत न्यूयॉर्कचं जेव्हिट्स सेंटर, मॅकॉर्मिक प्लेस आणि डेट्रॉइटचं नदीकाठचं केंद्र तात्पुरती रुग्णालयं झाली. बांधतानाच पिण्याच्या पाण्याचा साठा, जनरेटरवर चालणारी स्वच्छतागृहं आणि रुग्णवाहिकेची वेगळी वाट ठेवा, आणि आसऱ्याच्या वेळी कोण हुकूम देणार हे प्रशासनाशी लेखी ठरवून ठेवा.

काच पाण्याकडे लावणार असाल तर पक्ष्यांचा विचार करा. नदी आणि सरोवरांचे काठ हे स्थलांतराचे मार्ग असतात. 5 ऑक्टोबर 2023 रोजी मॅकॉर्मिक प्लेसच्या काचांवर आपटून जवळजवळ हजार पक्षी एका दिवसात मेले. नंतर तिथे काचेवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू झपाट्याने घटले. नव्या इमारतीत ठिपक्यांची काच आधीच मागवायची आणि स्थलांतराच्या महिन्यांत रात्री दिवे मालवायचे, बस.

माणसं कशी येतील

हॉटेलं आणि स्थानक दहा मिनिटांच्या चालीवर नसतील तर मध्यभागी बांधण्याला अर्थ उरत नाही. जेव्हिट्स सेंटर हडसन नदीजवळ 1986 मध्ये उघडलं. भुयारी रेल्वे त्याच्या दारापर्यंत यायला 2015 उजाडलं. चालण्याची वाट उन्हापावसात वापरता येईल अशी हवी, आणि रात्री दहा वाजता एकट्या बाईला तिथून निर्धास्त जाता यायला हवं. ही तपासणी नकाशावर होत नाही. जागेवर त्या वेळी जाऊन चाला.

उघडण्याआधी

शेवटच्या टप्प्यात सगळ्यांना उद्घाटनाची घाई असते. पहिलं मोठं प्रदर्शन घेण्याआधी दोन-तीन छोटे कार्यक्रम घ्या, आणि त्यातला एक तरी पूर्ण हॉल भरून, सगळे खड्डे चालू करून, सगळ्या डॉकवर ट्रक लावून. पुराच्या मोसमाआधी पूरदारं, म्हणजे पुराचं पाणी अडवणारी दारं, लावण्याची रंगीत तालीम करा, रविवारी रात्री, हजर असतील तेवढ्याच कामगारांना घेऊन आणि घड्याळ लावून. नदीची सूचना चार तास आधी मिळत असेल आणि दारं लावायला सहा तास लागत असतील, तर दारांची संख्या कमी करावी लागेल किंवा ती आपोआप बंद होणारी घ्यावी लागतील. हा बदल ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधीच करून घ्या.